नाण्यावरील इंजिन आणि खिशातील नाणे

भारतीय रेल्वेस १५० वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने २००३ साली भारत सरकारने दोन रुपयांचे एक स्मारक नाणे चलनात आणले. अकरा बाजूंचे, तांबे-निकेल मिश्रधातूचे हे नाणे आपल्यापैकी पुष्कळांच्या हातून गेले असेल. त्याच्या एका बाजूस अशोकस्तंभावरील सिंहमुद्रा आहे. दुसऱ्या बाजूस, रेल्वेचे नाणे म्हटल्यावर ज्याची अपेक्षा करावी ते इंजिन नाही, रूळ नाहीत आणि स्थानकही नाही. तेथे उभा आहे हातात कंदील घेतलेला एक हत्ती. हा ‘भोलू’. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या साहाय्याने साकारलेले हे बोधचिन्ह १६ एप्रिल २००२ रोजी बंगळूर येथे प्रथम प्रकाशात आले आणि लोकांना ते इतके भावले की रेल्वेने पुढे ते कायमचे आपलेसे केले. भोलूविषयी माझी काहीच तक्रार नाही. तथापि दीडशे वर्षांच्या इतिहासाचे एकमेव चित्र म्हणून कोट्यवधी लोकांच्या तळहातावर काय ठेवावे, असा प्रश्न त्या वेळी समोर होता आणि त्याचे उत्तर म्हणून आपण एक व्यंगचित्र निवडले, ही गोष्ट मला आजही खटकते.

त्यानंतर एकाच वर्षाने, २००४ साली, ब्रिटनच्या शाही टांकसाळीने दोन पौंडांचे एक नाणे काढले. रुळांवरून धावलेल्या पहिल्या वाफेच्या इंजिनाला त्या वर्षी २०० वर्षे पूर्ण होत होती. मध्ये रुपेरी चकती, भोवती पिवळसर कडे, अशा या द्विधातू नाण्यावर दातेरी चाकाच्या आकृतीत ते जुने इंजिन बसविलेले आहे. सोबत रिचर्ड ट्रेव्हिथिक हे नाव, १८०४ व २००४ ही वर्षे आणि शोध, उद्योग व प्रगती या अर्थाचे तीन शब्द आहेत. रॉबर्ट लो यांनी रेखाटलेली ही आकृती आहे. नाण्याच्या उभ्या कडेवर सहसा अक्षरे असतात. येथे त्यांच्या जागी रेल्वेशी नाते सांगणारी नक्षी आहे. अशी ५० लाखांहून अधिक नाणी चलनासाठी पाडण्यात आली. म्हणजे ती पाव विकत घेताना, बसचे तिकीट काढताना, सुटे पैसे परत घेताना सामान्य माणसाच्या हाती आली. त्यासाठी त्याला दुकानात जाऊन मखमली पेटी विकत घ्यावी लागली नाही.

ज्याच्या नावाने हे नाणे निघाले, त्या ट्रेव्हिथिकची कथा येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. कॉर्नवॉलमधील खाणींच्या परिसरात १७७१ साली जन्मलेला हा धिप्पाड गृहस्थ मल्लविद्येसाठीही प्रसिद्ध होता. जेम्स वॅटच्या इंजिनात वाफेचा दाब कमी असे. दाब वाढविला तर स्फोट होईल, ही वॅटची भीती होती. ट्रेव्हिथिकने नेमका तोच धोका पत्करला. दाब वाढला की त्याच शक्तीसाठी इंजिन लहान करता येते आणि लहान झालेले इंजिन चाकांवर चढविता येते, हा त्यामागील साधा हिशेब. दक्षिण वेल्समधील पेनिडॅरन येथील लोखंडाच्या कारखान्याचा मालक सॅम्युएल होमफ्रे याने या इंजिनाच्या बळावर ५०० गिनींची पैज लावली आणि २१ फेब्रुवारी १८०४ रोजी त्या इंजिनाने १० टन लोखंड आणि सुमारे ७० माणसे पाच वाघिणींतून ओढून नेली. अंतर साधारण पंधरा किलोमीटर होते व त्यास चार तासांहून थोडा अधिक वेळ लागला. पायी चालणाऱ्या माणसानेही एवढ्याच वेळात ते अंतर काटले असते, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण तो माणूस १० टन लोखंड नेऊ शकला नसता. दुर्दैव असे की ते इंजिन जड होते व त्याखालचे ओतीव लोखंडाचे रूळ ठिसूळ होते. रूळ तुटू लागले आणि प्रयोग थांबला. १८०८ साली त्याने लंडनमध्ये वर्तुळाकार रुळांवर दुसरे इंजिन फिरवून दाखविले आणि ते पाहण्यासाठी एक शिलिंग प्रवेशमूल्य ठेवले. तेथेही रूळच तुटले. पुढे तो चांदीच्या खाणींतील पाणी उपसण्याची यंत्रे घेऊन पेरू देशात गेला. अनेक वर्षांनी परतला तेव्हा खिसा रिकामा होता. परतीच्या प्रवासासाठी त्याला रॉबर्ट स्टीफन्सनने ५० पौंड दिले होते. पार्लमेंटकडे केलेला निवृत्तिवेतनाचा अर्ज फेटाळला गेला. २२ एप्रिल १८३३ रोजी डार्टफर्ड येथे त्याचा अंत झाला, तेव्हा अंत्यविधीचा खर्च सोबतच्या कामगारांनी वर्गणी काढून केला. त्याच्या थडग्यावर नावसुद्धा नव्हते.

ज्याला हयातीत पेन्शन नाकारली गेली, त्याचे नाव १७१ वर्षांनी त्याच देशाने ५० लाख नाण्यांवर कोरले. यात उपरोध आहे, परंतु नाण्याचे सामर्थ्यही आहे. पुतळा एका चौकात उभा असतो आणि ग्रंथ कपाटात असतो, तर चलनातील नाणे ज्याने ते कधी मागितले नव्हते त्याच्याही हाती जाऊन पोहोचते.

वाचकहो, नाणे आणि वाफेचे इंजिन यांचे नाते केवळ चित्रापुरते नाही. आगगाडी धावण्यापूर्वीच वाफ नाणी पाडू लागली होती. बर्मिंगहॅमजवळील सोहो येथे मॅथ्यू बोल्टन याने आपला भागीदार जेम्स वॅट याच्या इंजिनावर चालणारे नाणी पाडण्याचे दाब बसविले, ते १७८०च्या दशकाच्या अखेरीस. तोपर्यंत ब्रिटनच्या टांकसाळीत माणसे दांडे फिरवून दाब चालवीत. वाफेच्या दाबामुळे प्रत्येक नाणे हुबेहूब सारखे, अचूक गोल आणि रेखीव कडेचे येऊ लागले आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांचे काम अवघड झाले. बोल्टनने १७९७ साली पाडलेल्या तांब्याच्या जाडजूड पेनीला लोक ‘गाडीचे चाक’ म्हणत, कारण तिची कड रुंद व उठावदार होती. या सोहोच्या कारखान्याशी आपलाही संबंध आहे. १७९१ व १७९४ या वर्षांची मुंबई इलाख्याची तांब्याची नाणी तेथेच पाडली जाऊन जहाजाने इकडे आली. त्यांच्या एका बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह व दुसऱ्या बाजूस तराजू असून त्या तराजूत ‘न्याय’ या अर्थाचा फारसी शब्द आहे. कंपनीच्या नाण्यावर न्यायाचा तराजू! असो.

पुढे मुंबईच्या कोट भागात टांकसाळ बांधण्यात आली. १८२४ साली सुरू झालेले हे काम १८२९ साली पूर्ण झाले आणि तिची यंत्रे बोल्टन व वॅट यांच्याच कारखान्यातून वाफेच्या इंजिनांसह आली. म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटण्याच्या २४ वर्षे आधी, बोरीबंदरपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर वाफ नाणी पाडत होती. रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतील कार्यालयासमोर ही टांकसाळ आजही उभी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ४०० निमंत्रितांना घेऊन १४ डब्यांची गाडी निघाली, तिला ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ अशी तीन इंजिने जोडली होती. २१ तोफांची सलामी झाली. त्या दिवशी बोरीबंदरच्या गर्दीत उभ्या असलेल्यांच्या कनवटीला जे पैसे होते, त्यांतील कित्येक पैसे त्या वाफेच्याच जोरावर पाडलेले असणार. ती तिन्ही इंजिने आज शिल्लक नाहीत. केवळ नावे राहिली.

हेच अमेरिकेतील युटा राज्यात घडले आणि तेथे नाण्याने त्याची भरपाई केली. १० मे १८६९ रोजी प्रोमॉन्टरी समिट येथे पूर्वेकडून आलेले व पश्चिमेकडून आलेले लोहमार्ग एकमेकांस मिळाले आणि सोन्याचा खिळा ठोकून तो सोहळा साजरा झाला. समोरासमोर उभी होती दोन इंजिने: सेंट्रल पॅसिफिकचे ‘ज्युपिटर’ व युनियन पॅसिफिकचे ‘क्रमांक ११९’. यांपैकी ११९ क्रमांकाचे इंजिन १९०३ साली व ज्युपिटर १९०९ साली मोडीत गेले. एवढ्या ऐतिहासिक इंजिनांची किंमत भंगाराच्या दराने ठरली. १९७९ साली त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती बांधण्यात आल्या, त्या आज तेथील राष्ट्रीय स्मारकात चालवून दाखविल्या जातात. अमेरिकी टांकसाळीने १९९९ ते २००८ या दहा वर्षांत प्रत्येक राज्यासाठी एक, अशी पाव डॉलरची ५० नाणी काढली. त्यांत २००७ साली निघालेल्या युटाच्या नाण्यावर ही दोन इंजिने आणि मधोमध तो सोन्याचा खिळा आहे. ही नाणी ५० कोटींहून अधिक संख्येने पाडली गेली. भंगारात गेलेल्या दोन इंजिनांच्या इतक्या प्रतिमा कोणत्याही संग्रहालयाने कधी मांडल्या नसतील. अर्थात नाण्यावर काय नाही, हेही पाहावे लागते. पश्चिमेकडील लोहमार्ग बर्फाळ डोंगरांतून खोदणाऱ्या हजारो चिनी मजुरांपैकी एकाचीही आकृती त्यावर नाही. सव्वीस मिलिमीटरही व्यास नसलेल्या चकतीवर सर्वांना जागा मिळत नाही हे खरे. पण जागा कोणाला मिळाली, यावरून इतिहास कोणी सांगितला हे कळते.

आता दुसऱ्या प्रकारच्या नाण्यांकडे वळू. गेल्या काही दशकांत वाफेच्या इंजिनांची जी नाणी जगभर निघाली, त्यांतील बहुसंख्य चलनासाठी नाहीत. ऑस्ट्रियाने २००४ साली सेमरिंग या डोंगरी रेल्वेच्या १५०व्या वर्षी २५ युरोंचे नाणे काढले. कडे चांदीचे व मधला भाग नायोबियम या धातूचा. नायोबियमवरील ऑक्साइडचा थर नियंत्रित जाडीचा केला, तर रंग न लावताच धातूस रंगछटा येते. या नाण्याचा मध्यभाग आल्प्सच्या अरण्याला शोभेल असा हिरवा आहे. कारागिरी म्हणून ते अप्रतिम आहे, यात शंका नाही. जर्मनीने २०१० साली आपल्या रेल्वेच्या १७५व्या वर्षाचे १० युरोंचे नाणे काढले. न्यूरेम्बर्ग ते फ्युर्थ या पहिल्या मार्गावर ७ डिसेंबर १८३५ रोजी धावलेले ‘अॅडलर’ हे इंजिन मात्र स्टीफन्सनच्या न्यूकॅसल येथील कारखान्यातून आले होते व ते चालविणाराही इंग्रजच होता. ब्रिटनने २०२३ साली ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या विख्यात इंजिनाच्या शताब्दीनिमित्त दोन पौंडांचे नाणे काढले. १९३४ साली ताशी १०० मैलांचा वेग गाठल्याची अधिकृत नोंद असलेले हे पहिले वाफेचे इंजिन. २००४ साली राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ते सुमारे २३ लाख पौंडांना विकत घेतले, तेव्हा सामान्य लोकांनीही त्यासाठी देणग्या दिल्या होत्या. ज्या इंजिनासाठी लोकांनी खिशातून पैसे काढले, त्याचे नाणे मात्र लोकांच्या खिशात आले नाही. ते फक्त संग्राहकांना वेष्टनात विकले गेले, त्यात रंगीत आवृत्तीही होती. ट्रेव्हिथिकचे नाणे आणि हे नाणे, दोन्ही दोन पौंडांचीच, एकाच टांकसाळीची. एकोणीस वर्षांत टांकसाळीचा दृष्टिकोन किती बदलला, हे या दोन नाण्यांवरून दिसते.

याही पुढची पायरी म्हणजे, जेथे रूळ कधी पडलेच नाहीत अशा छोट्या द्वीपराष्ट्रांच्या नावाने परदेशी टांकसाळींत पाडलेली रंगीबेरंगी इंजिनांची नाणी. त्या देशाचे नाव व दर्शनी मूल्य कायद्याच्या सोयीसाठी असते. तेथील बाजारात ते नाणे कोणी पाहिलेले नसते. अशा वस्तूस नाणे म्हणावे की पदक, याबद्दल माझे मत पदकाच्या बाजूने आहे.

संग्राह्य नाण्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि ते न सांगणे अन्यायाचे होईल. चलनातील नाण्याचा उठाव कमी ठेवावा लागतो, कारण ती एकावर एक रचली जातात, मोजणीयंत्रातून जातात आणि त्यांचे उंच भाग आधी झिजतात. इंजिनाच्या बाबतीत हे उंच भाग म्हणजे नेमके धुराडे आणि चाके. प्रूफ पद्धतीने पाडलेल्या नाण्यात आरशासारख्या पार्श्वभूमीवर दुधी पोताचे चित्र उमटते. चाकाचा एकेक आरा, जोडदांड्यांचे एकेक खिळे त्यात मोजता येतात. आणि टांकसाळीस त्यातून उत्पन्नही मिळते. हे सर्व मान्य आहे. माझा आक्षेप एवढाच की संग्राह्य नाणे हे चलनी नाण्याच्या जोडीने यावे, त्याच्या जागी येऊ नये. आपल्याकडे २००३ साली हे पथ्य पाळले गेले होते: दोन रुपयांचे नाणे सर्वांसाठी आणि १०० रुपयांचे नाणे संग्राहकांसाठी. चित्र चुकले असेल, पद्धत बरोबर होती. तिची परंपरा १९६४ पासूनची आहे. त्या वर्षी पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघालेली स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी, एक रुपया व ५० पैसे, लोकांच्या रोजच्या व्यवहारात फिरली.

या १०० रुपयांच्या नाण्यांवरून बँकेच्या खिडकीवर येणाऱ्या एका विषयाकडे येतो. ‘हे नाणे घेऊन ठेवले तर पुढे किती होतील?’ असे ग्राहक विचारतात, कधी कर्मचारीही एकमेकांना विचारतात. उत्तर देताना तीन किमती वेगळ्या करून सांगाव्यात. पहिली दर्शनी किंमत: ती १०० रुपये, आणि ती महागाईबरोबर वाढत नाही. दुसरी धातूची किंमत: त्या काळातील १०० रुपयांची स्मारक नाणी ३५ ग्रॅम वजनाची असत, पण त्यांत चांदी निम्मीच, म्हणजे साडेसतरा ग्रॅम, उरलेले तांबे, निकेल व जस्त. अनेकांना ते नाणे संपूर्ण चांदीचे वाटते व मग सराफाकडे निराशा पदरी येते. शिवाय चलनी नाणी वितळविण्यास नाणे अधिनियम, २०११ अन्वये मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे. तिसरी किंमत हौसेची. दुसरा हौशी मिळाला तर ती मिळते, न मिळाल्यास नाही. मुदत ठेवीस व्याज असते, समभागास लाभांश असतो, नाण्यास यांपैकी काहीच नसते. ज्याला इंजिनांची आवड आहे त्याने इंजिनाचे नाणे जरूर घ्यावे, मुलांना दाखवावे, त्यावरून चार गोष्टी सांगाव्यात. निवृत्तीची पुंजी मात्र त्यात गुंतवू नये. ‘मर्यादित आवृत्ती’ हे शब्द जाहिरातीत दिसले की किती प्रती, याचा आकडा आधी विचारावा. घेतलेले नाणे चकचकीत दिसावे म्हणून चिंच किंवा पावडर लावून घासू नये. संग्राहकाच्या लेखी घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. पीव्हीसीच्या मऊ पिशवीतही ते वर्षानुवर्षे ठेवू नये, कारण तिच्यामुळे धातूवर हिरवट चिकट थर चढतो.

जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात, अशा बातम्यांवर विसंबून फसलेल्यांची संख्या थोडी नाही. रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून जुनी नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी शुल्क, दलाली किंवा कर मागणाऱ्यांविरुद्ध ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने जनतेस सावध केले. बँक असा कोणताही व्यवहार करीत नाही व त्यासाठी तिने कोणालाही अधिकार दिलेला नाही, असे तिने स्पष्ट केले. ‘तुमच्याकडील नाण्याचे दहा लाख देतो, आधी दोन हजार नोंदणी शुल्क भरा’ असे कोणी म्हणाले, तर पुढचे बोलणे तेथेच थांबवावे. ज्येष्ठ ग्राहकांस हे आवर्जून सांगणे आपल्या शाखांचे काम आहे.

स्मारक नाणी चलनात आणण्याच्या विरोधात एक व्यवहारी मुद्दा मांडला जातो व तो दुर्लक्षून चालणार नाही. दहा रुपयांच्या नाण्यांची चित्रे वेळोवेळी बदलत गेली आणि त्यातून ‘हे खरे, ते खोटे’ अशी अफवा पसरली. दुकानदार, रिक्षाचालक, काही ठिकाणी वाहकसुद्धा ती नाकारू लागले. अखेर १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेस सांगावे लागले की दहा रुपयांच्या नाण्याचे तोवरचे १४ नमुने प्रसृत झालेले असून सर्वच्या सर्व वैध आहेत. ज्या नाण्यांनी थोर व्यक्तींची व घटनांची आठवण लोकांपर्यंत न्यायची, तीच लोक परत करीत होते. काहींच्या मते यावर उपाय म्हणजे चित्रे बदलूच नयेत. मला हे पटत नाही. टांकसाळीतून नाणे निघाले, पण त्यासोबत माहिती निघाली नाही, हा दोष होता. नवे नाणे शाखेत येईल त्या दिवशी त्याचे मोठे चित्र रोखपालाच्या खिडकीशेजारी लावावे, गावातील व्यापारी संघटनेस एक पत्र द्यावे, एवढ्यानेही पुष्कळ काम होते. एक रुपया व त्यावरील नाणी एका वेळी १,००० रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कायद्याने वैध आहेत आणि पन्नास पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंत, हेही त्याच फलकावर लिहिता येईल. ही वाक्ये वाचून काही सहकाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतील, कारण नाण्यांच्या पिशव्या मोजणे कोणालाच आवडत नाही. त्यांची अडचण खरी आहे. तरीही नाणे स्वीकारणे व देणे हा बँकेच्या खिडकीचा सर्वांत जुना व्यवसाय आहे.

हे सारे आज लिहिण्याचे कारण म्हणजे पुढील निमित्त दूर नाही. १६ एप्रिल २०२८ रोजी बोरीबंदर-ठाणे प्रवासास १७५ वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने निघणारे नाणे चलनात फिरणारे असावे आणि त्यावर इंजिन असावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. मार्ग अपरिचित नाही. ‘आझादी का अमृत महोत्सव’ या निमित्ताने ६ जून २०२२ रोजी एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांची विशेष नाणी प्रसृत झाली व ती संग्रहासाठी नव्हे तर चलनासाठी होती. खर्चाचा प्रश्नही मोठा नाही. धातू तोच, वजन तेच, आकार तोच. बदलतो तो फक्त साचा. वीस रुपयांचे नाणे द्विधातू व बारा बाजूंचे आहे आणि त्याचे गोल अंतर्वर्तुळ चाकाच्या चित्रास जणू आयतीच चौकट देते.

कोणते इंजिन, यावर मात्र वाद होईल, आणि व्हावा. मुंबईकर ‘साहिब’चे नाव घेतील. पण त्याचे विश्वासार्ह चित्र मिळविण्यापासूनच अडचण आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाची ‘फेअरी क्वीन’ सर्वांत प्रसिद्ध. १८५५ साली लीड्स येथे बांधलेली, १९९७ साली पुन्हा धावू लागलेली व १९९८ साली नियमित सेवेतील जगातील सर्वांत जुने इंजिन म्हणून गिनीज पुस्तकात नोंदली गेलेली. दार्जिलिंगची छोटी इंजिने देखणी आहेत व तिथली रेल्वे १९९९ पासून जागतिक वारसा आहे. चित्तरंजनच्या कारखान्याची दोन इंजिने तर एका युगाची दोन टोके आहेत: १९५० सालचे पहिले ‘देशबंधू’ आणि १९७० सालचे वाफेवरील शेवटचे ब्रॉडगेज इंजिन ‘अंतिम सितारा’. नावे ठेवणाऱ्याच्या रसिकतेस दाद द्यावी अशी ही जोडी आहे.

माझी पसंती यांपैकी कोणासही नाही. ती आहे अजमेरच्या कार्यशाळेत १८९५ साली बांधल्या गेलेल्या ‘एफ ७३४’ या मीटरगेज इंजिनाला. भारतात बांधले गेलेले पहिले इंजिन म्हणून ते ओळखले जाते. जमालपूरची मंडळी यावर हरकत घेतील व आपल्या कार्यशाळेतील ‘लेडी कर्झन’ पुढे करतील, पण तिचे वर्ष १८९९ आहे. ७३४ ला राजाचे वा लाटसाहेबाच्या पत्नीचे नाव नाही, केवळ क्रमांक आहे, आणि तो बांधणाऱ्या राजपुताना-माळवा रेल्वेच्या लोहारांची व फिटरांची नावे कोठे कोरलेली नाहीत. हे इंजिन शिल्लक आहे, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जाऊन त्याची मापे घेता येतात. १९७६ साली टपाल खात्याने रेल्वे इंजिनांची चार तिकिटे काढली तेव्हा त्यांत या इंजिनास मान मिळाला होता. टपाल खात्यास जे पन्नास वर्षांपूर्वी सुचले, ते टांकसाळीस अवघड वाटू नये. बाजूने पाहिले असता त्याची बाह्यरेषा ठळक व साधी आहे, त्यामुळे कमी उठावातही ती उमटेल आणि झिजल्यावरही ओळखू येईल.

स्मारक नाण्यांचे प्रस्ताव संबंधित मंत्रालयाकडून अर्थ मंत्रालयाकडे जातात आणि मंजुरीनंतर नाण्याचा धातू, व्यास, वजन व चित्र यांचा तपशील राजपत्रात प्रसिद्ध होतो. आराखडा, साचे, चाचणी हे सर्व धरता २०२८ फार लांब नाही. रेल्वे मंत्रालयातून तो प्रस्ताव निघेल तेव्हा त्यात १०० रुपयांचे चांदीचे नाणे असेलच, त्याची चिंता नको. त्याच कागदावर वीस रुपयांच्या नाण्याचाही उल्लेख असावा आणि त्यापुढे ‘चलनासाठी’ हा शब्द असावा.